वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक: या चुका टाळा

घर बदललं, आणि नंतरचे तीन महिने मी जुन्या घराचंच वीजबिल भरत राहिलो. पेमेंट अ‍ॅपने जुना क्रमांक जपून ठेवला होता. दर महिन्याला आठवण यायची आणि मी रक्कम बघून पैसे पाठवून मोकळा व्हायचो. नव्या घरी थकबाकीची नोटीस आली तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. तिकडे माझ्यानंतर आलेल्या भाडेकरूने तीन महिने माझ्या पैशांवर गीझर चालवला.

‘ग्राहक क्रमांक’ हे नावच जरा फसवं आहे. तो माणसाचा नसतो आणि मीटरचाही नसतो. तो असतो त्या जागेला दिलेल्या जोडणीचा. बिलावरचं नाव बदललं, मीटर जळून नवा बसला, तरी क्रमांक तोच राहतो. माणसं मात्र नेमका मीटरवरचा क्रमांक टाकतात आणि बिल दिसत नाही म्हणून अ‍ॅपच्या नावाने बोटं मोडतात.

महावितरणच्या बिलावर ग्राहक क्रमांक १२ अंकी असतो. त्याशिवाय चार अंकी बिलिंग युनिट, म्हणजे तुमच्या भागातल्या वीज कार्यालयाचा क्रमांक, छापलेलं असतं, ज्याला सगळे ‘बीयू’ म्हणतात. ऑनलाइन भरताना बऱ्याच ठिकाणी दोन्ही लागतात. मुंबईत आणखी एक घोळ होतो: बेस्ट, अदानी, टाटा पॉवर आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण. आधी कंपनी चुकली तर पुढे क्रमांक कितीही बरोबर असून उपयोग नाही. बिल उघडल्यावर रक्कम बघायच्या आधी नाव वाचा. मी वाचलं असतं तर जुन्या घरमालकाचं नाव तिथे ठळक दिसत होतं.

सोसायटीच्या चिटणीसांनो, हे तुमच्यासाठी. बरेच ग्राहक क्रमांक शून्याने सुरू होतात. लिफ्टचा, पंपाचा, जिन्यातल्या दिव्यांचा क्रमांक तुम्ही एक्सेलमध्ये हौसेने उतरवता आणि एक्सेल पुढची शून्यं गिळून टाकतं. शून्य नसेल तर बारा अंक बघून ‘ई+११’ असलं काहीतरी दाखवतं. आकडे भरायच्या आधीच त्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करून ठेवा.

यापेक्षा वाईट चूक घडते ती पार्किंगमधल्या मीटरच्या पेटीत, आणि ती वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. बिल्डरच्या वायरमनने दोन फ्लॅटच्या वायरी अदलाबदल केलेल्या असतात, किंवा मीटरखाली मार्करने लिहिलेला फ्लॅट नंबर रंगकामात पुसून कुणीतरी अंदाजाने परत लिहिलेला असतो. मग घर बंद करून महिनाभर गावी गेलात तरी बिल नेहमीइतकंच येतं. तपासणी सोपी आहे. बिलावरचा मीटर क्रमांक असलेला मीटर पेटीत शोधा. घरात दिवे-पंखे चालू ठेवून एकाला मीटरपाशी उभं करा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. वापर जास्त तितकी लुकलुक भरभर. घरातला मेन स्विच पाडा. लुकलुक थांबली तर मीटर तुमचा. तुमच्या घरात अंधार आणि हा आपला लुकलुकतोच आहे, तर तुम्ही शेजाऱ्याच्या एसीचे पैसे भरताय. वायरींना हात लावू नका. बिलाची प्रत जोडून वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

क्रमांकाशी जोडलेला मोबाइल नंबरही बघा. तो आधीच्या भाडेकरूचा असेल तर बिलाचे सगळे मेसेज त्याला जातात. उलट, ‘आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा अनोळखी मोबाइलवरून मेसेज आला, तर तो भामट्याचा समजा. त्यात तुमचा खरा ग्राहक क्रमांक असला तरी भुलू नका. बिलाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला असतोच की आपण.

पैसे चुकीच्या क्रमांकावर गेले तर ते त्या जोडणीच्या खात्यात जमा होतात. पावती जपा, दोन्ही बिलांच्या प्रती जोडून अर्ज करा. मी तसं केलं नाही. सरळ जुन्या घरी गेलो, भाडेकरूला पावत्या दाखवल्या. त्याने तिथल्या तिथे सगळे पैसे यूपीआयने पाठवले, पाठवण्याआधी नाव मात्र दोनदा वाचलं.