सर्वेक्षणाचा फॉर्म काढण्याआधी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचक-सर्वेक्षण करायचं ठरलं, की पहिल्याच दिवशी कुणीतरी गूगल फॉर्म उघडून बसतं. तो तूर्त बंद करा. एक वही घ्या, पानावर तीन उभ्या रेघा मारा आणि जे जे विचारावंसं वाटतंय ते डावीकडे लिहा. पुढच्या रकान्यांत लिहायचं ते असं : याचं उत्तर आलं तर आपण काय बदलणार, तो निर्णय कोणाच्या हातात आहे, आणि पैसे कुठून येणार. ज्या प्रश्नापुढचे तिन्ही रकाने कोरे राहतील तो खोडून टाका. 'वाचनकक्ष वातानुकूलित असावा का?' याला कोण नाही म्हणेल? आणि पुढच्या मे महिन्यात त्याच गरगरणाऱ्या पंख्याखाली उभं राहून 'एसीचं काय झालं सर?' हे तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल.

वही भरली की ती ग्रंथालय समितीपुढे ठेवा, सर्वेक्षणाच्या आधी. अभ्यासिकेची वेळ वाढवायची तर रात्रपाळीचा शिपाई आणि सुरक्षारक्षक लागतो. तो मिळण्याची शक्यता तरी आहे का, हे कुलसचिव कार्यालयाला आताच विचारून घ्या. शिवाय प्लग पॉइंट, ट्यूबलाइट, खुर्च्यांची डागडुजी अशा किरकोळ कामांसाठी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवा. ती का, ते पुढे येईल.

मग आपलीच दप्तरं चाळा. गेट रजिस्टर आणि देवघेवीचे आकडे जे सांगतात ते वाचकाला पुन्हा विचारू नये. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचं 1931 सालचं चौथं सूत्र बहुतेक ग्रंथालयांत फ्रेम करून टांगलेलं असतं, आणि त्याच फ्रेमखाली चाळीस प्रश्नांचे फॉर्म वाटले जातात. दोन आठवडे काउंटरवर एक कच्ची वही ठेवून 'मागितलं पण मिळालं नाही' एवढंच लिहून घ्या. कोणत्या विषयाच्या प्रती कमी पडतात हे त्या वहीतून सर्वेक्षणापेक्षा लवकर कळतं.

आता विचारायचं कोणाला? ही यादी करताना हात आखडता घेऊ नका, कारण सगळी गोम इथेच आहे. फॉर्म काउंटरवर ठेवला तर तो भरणार ग्रंथालयात येणारेच. जो येत नाही तो का येत नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ज्यांनी एकही पुस्तक नेलं नाही अशा वाचकांचा अहवाल त्यात तयार मिळतो. तो काढा. त्यात अभ्यासिकेत रोज बसणारे पण पुस्तक न नेणारेही सापडतील. त्यांना वेगळं मोजा. आठ हजार विद्यार्थ्यांमागे साधारण 367 उत्तरं पुरेशी, असा नमुन्याचा हिशेब संख्याशास्त्राचे प्राध्यापक सांगतील (95 टक्के विश्वास, पाच टक्के इकडेतिकडे). पण तो हिशेब चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 367 जणांचा आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकल्यावर ज्यांनी मनावर घेतलं त्यांचा नव्हे. विद्याशाखा आणि वर्षाप्रमाणे याद्या पाडून त्यातून नावं उचला. संशोधक विद्यार्थी, वसतिगृहात राहणारे, एसटीने ये-जा करणारे आणि प्राध्यापक यातलं कोणी सुटलं नाही ना, ते पाहा.

आमची पहिली खेप कशी फसली ते सांगतो. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की फॉर्म नो-ड्यूजच्या, म्हणजे ग्रंथालयाचं काही देणं नाही या दाखल्याच्या, अर्जाला टाचून द्यावा, म्हणजे शंभर टक्के प्रतिसाद! प्रतिसाद आला खरा. वरपासून खालपर्यंत 'उत्कृष्ट'ची एकच सरळ रेघ. सही-शिक्का हवा असलेल्या माणसाने दुसरं काय लिहावं?

प्रश्न लिहिताना एका वाक्यात एकच गोष्ट ठेवा. 'कर्मचारी तत्पर व जाणकार आहेत का?' हे दोन प्रश्न आहेत. 'नेहमी, कधीकधी' यापेक्षा 'गेल्या महिन्यात किती वेळा' बरं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पाठ तयार करा, आणि मराठी शासन निर्णयातलं नको. परिभाषेचा गोंधळ तर विचारूच नका. चाचणीसाठी तृतीय वर्षाच्या एका मुलीला शेजारी बसवून फॉर्म मोठ्याने वाचायला सांगितला होता. 'ओपॅक सेवेबाबत आपण समाधानी आहात का?' यापुढे तिने झटकन 'पूर्ण समाधानी'वर खूण केली. ओपॅक म्हणजे काय, विचारलं. म्हणाली, "ते झेरॉक्सचं काउंटर ना, सर?" ओपॅक म्हणजे आपल्या पुस्तकांची संगणकावर शोधता येणारी यादी. तो प्रश्न आता असा आहे : 'पुस्तक आपल्याकडे आहे का, हे कधी संगणकावर किंवा मोबाइलवर शोधून पाहिलंय?' अशी चाचणी निदान आठ-दहा जणांवर घ्या. विद्यार्थी कुठे थबकतो तिथे पेन्सिलने टिंब द्यायचं, समजावून सांगायचं नाही.

गुण मागायचे असतील तर अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ रिसर्च लायब्ररीज आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने 2000 साली सुरू केलेल्या लिबक्वॉल प्लस या ग्रंथालय-सर्वेक्षणाची एक युक्ती उसनी घ्या. तिथे प्रत्येक विधानाला तीन आकडे द्यायचे असतात, एक ते नऊमध्ये : निदान किती हवं, किती असावं, आणि प्रत्यक्षात किती आहे. समजा, शांततेला निदान सहा हवे आणि प्रत्यक्षात पाच आहेत, तर आधी तिथे हात घाला, कारण वाचकाच्या किमान मागणीच्याही आपण खाली आहोत. त्यांची मूळ विधानं 22 आहेत. तेवढी आपल्याकडे कोणी भरणार नाही. पाच-सहा निवडा. शेवटी एक मोकळा प्रश्न हवाच : 'उद्या एकच गोष्ट बदलायची तर कोणती?' ही उत्तरं दोघांनी वेगवेगळी वाचून गट पाडावेत, त्यासाठी माणसं आत्ताच नेमा.

नाव आणि रोल नंबर मागू नका, गूगल फॉर्ममधली ईमेल गोळा करण्याची सोय बंद करा. एवढ्याने भागत नाही. ज्या विभागात दुसऱ्या वर्षाला चारच विद्यार्थी आहेत तिथे 'विभाग, वर्ष, लिंग' एवढं भरलं की नाव कळलंच. तिथे विद्याशाखेवर थांबा.

तारीख काढताना 12 ऑगस्टचा, म्हणजे ग्रंथपाल दिनाचा, मोह होतो. तेव्हा नव्या मुलांपैकी अनेकांच्या हाती कार्डही पडलेलं नसतं. परीक्षेच्या तोंडावर विचारलं तर जागेच्या तक्रारीखेरीज काही येत नाही. जानेवारीचा दुसरा पंधरवडा बरा.

सर्वेक्षण संपल्यावर काय लावायचं त्या फलकाची जागाही आधीच मोकळी करा. ब्रिटनच्या विद्यापीठ ग्रंथालयांत 'तुम्ही सांगितलं, आम्ही केलं' असे फलक लावतात. बाजूला काढलेली रक्कम यासाठी : महिन्याच्या आत दोन-तीन प्लग पॉइंट बसलेले दिसले पाहिजेत. जे होणार नाही, तेही कारणासकट त्याच फलकावर लिहा.

राहता राहिली आदल्या दिवशीची कामं. मोबाइलवर भरायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी पन्नास छापील प्रती, दोऱ्याने बांधलेली पेनं, आणि एक पेटी. पेटी वॉटर कूलरजवळ ठेवा, देवघेवीच्या काउंटरवर नको. तिला कुलूप लावा, आणि किल्ली ग्रंथालयातल्या कुणाकडेच ठेवू नका.