बेल्जियमला नव्याने येणाऱ्यांसाठी : सही करण्याआधी वाचा

ब्रसेल्स, लूव्हन नाहीतर अँटवर्प. नोकरी नाहीतर पीएचडी. आपली मंडळी बहुतेक याच वाटेने येतात. सिमकार्ड, बँक, रेल्वेचा पास हे ऑफिसातलं कुणीही सांगेल. पत्त्याची नोंद मात्र पोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत नगरपालिकेत करायची. नंतर तुम्ही खरंच तिथे राहता का, हे बघायला पोलीस दारात येतो. बेलवर आणि पत्रपेटीवर नाव नसेल तर तो परत जातो आणि तुमचं रहिवासाचं कार्ड लटकतं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा.

आता घर. घरात शिरताना एक तज्ज्ञ येऊन भिंती, नळ, ओटा, खिडक्या सगळ्याची स्थिती लिहून काढतो. फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या उत्तरेकडच्या भागात हा अहवाल डचमध्ये असतो आणि त्याला पानंच्या पानं असतात. आपले लोक 'फॉर्मॅलिटी आहे' म्हणत सही ठोकतात. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने तेच केलं. खिडकीच्या चौकटीतली जुनी भेग अहवालात नव्हती, ती निघताना त्यांच्या माथी आली. ओट्यावरचे हळदीचे पिवळे डाग आणि नळावर साचलेला क्षाराचा पांढरा थर यांचेही पैसे कापले. इथलं पाणी बऱ्याच भागांत जड असतं, तो थर दर आठवड्याला व्हिनेगर लावून काढायचा. अनामतीचे पैसे तुमच्या नावाच्या गोठवलेल्या खात्यात असतात, पण तुमची आणि घरमालकाची संमती किंवा न्यायाधीशाचा आदेश असल्याशिवाय ते सुटत नाहीत. तेव्हा फोटो काढा, भेगा लिहून घ्या, भाषांतर करून वाचा, मग सही. घाई घरमालकाला असेल, तुम्हाला नाही. परत सांगतो : वाचल्याशिवाय सही नाही.

भाषेचं एकच सांगतो : फ्लेमिश माणसाशी फ्रेंच बोलू नका, त्यापेक्षा इंग्रजी चालेल.

आपलेच लोक शनिवारी आपल्याच घरी जेवतात आणि 'इथले लोक मिसळत नाहीत' असं रडगाणं गातात. मिसळायला विषय लागतो, आणि तो इथे आयता पडलाय. अँटवर्पच्या स्टेशनालगतच्या हिरेबाजारात ज्यू व्यापाऱ्यांच्या शेजारी गुजरातेतल्या पालनपूरच्या जैनांच्या पेढ्या आहेत, विल्रेकला त्यांचं संगमरवरी देरासर, म्हणजे जैन मंदिर आहे. सिंट-ट्राउडनच्या सफरचंद-नासपतीच्या बागांत शीख मजूर राबले आणि तिथे गुरुद्वारा उभा राहिला. साहेबी नोकरीवाले आपण या दोघांकडेही नाक मुरडतो, हे मला पटत नाही. या देशात भारतीयांचं नाव आपल्या आधी त्यांनी रुजवलं.

शेजारी पश्चिम फ्लँडर्सचा असेल तर कामिल बुल्के हे नाव काढा. १९०९ साली रामस्कापेले या खेड्यात जन्मलेला, लूव्हनला इंजिनिअरिंग शिकलेला हा माणूस जेझुइट पंथाचा ख्रिस्ती धर्मगुरू होऊन १९३०च्या दशकात भारतात गेला, रांचीत रमला, रामकथेवरचा प्रबंध त्याने हिंदीत लिहिला. त्याचा इंग्रजी-हिंदी कोश आजही वापरात आहे. १९७४ साली पद्मभूषण. आपल्यातल्या किती इंजिनिअरांना पाच वर्षांनी डचमध्ये धड चार वाक्यं बोलता येतात, ते मोजायला नको.

आणि पश्चिम फ्लँडर्सातल्या इपर या गावी जाच. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या ऑक्टोबरात आपले सैनिक या चिखलात उतरवले गेले. बलुच रेजिमेंटचे खुदादाद खान यांनी ३१ ऑक्टोबरला जवळच्या होलेबेकेला मशीनगन सोडली नाही आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय सैनिक ठरले. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशांची नावं इपरच्या मेनिन गेट या स्मारक-कमानीवर कोरली आहेत, त्यांत भारतीय नावंही आहेत. रोज रात्री आठला तिथे बिगूल वाजतं. साडेसातलाच जाऊन उभे राहा, टाळ्या वाजवू नका, मुलांना आधी समजावून न्या. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र निघण्याआधी बघून ठेवा.