बाळाला जुलाब लागले? ओआरएस देताना या चुका टाळा

‘डॉक्टर, दिवसभर ओआरएस पाजलं, तरी जुलाब थांबले नाहीत.’ पावसाळ्यात ही तक्रार बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात रोज ऐकू येते. पण ओआरएस, म्हणजे पुडीतली साखर-मिठाची पूड पाण्यात विरघळवून केलेलं पाणी, जुलाब थांबवण्यासाठी नसतंच. शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार ते भरून काढतं. जुलाब आपल्या वेळेने, बहुधा काही दिवसांत थांबतात. तोवर मूल सुकू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम. हे लक्षात न आल्यामुळे पुढच्या बऱ्याच चुका होतात.

सगळ्यात मोठी चूक पाण्याच्या मापात होते. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. पण घरी ती पेलाभर पाण्यात अंदाजाने चमचा-चमचा टाकली जाते. जुलाबातही आतड्यात साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र आले की ते शरीरात शोषले जाताना सोबत पाणीही आत नेतात. मिश्रण घट्ट झालं तर उलटं होतं. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते, जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठही धोकादायक पातळीला जाऊ शकतं. फार पातळ केलं तर क्षार पुरेसे मिळत नाहीत. म्हणून पाणी उकळून गार करा, त्यातलं एक लिटर बाटलीने मोजून घ्या आणि आख्खी पुडी एकदम ओता. वाटल्यास २०० मिलीची छोटी पुडी आणा. वरून साखर, मीठ, दूध, सरबत काही घालू नका आणि तयार पाणी पुन्हा उकळू नका. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

दुकानात ओआरएससारख्या नावाने मिळणारी गोड पेयं हा वेगळाच घोळ आहे. त्यांत साखर कितीतरी जास्त असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली, हे फार बरं झालं. तरी विकत घेताना पाकिटावर ‘जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार’ अशा अर्थाचा उल्लेख आहे ना, हे वाचाच.

‘पाजलं की ओकतं’ म्हणून बंद करू नका. दहा मिनिटं थांबा आणि मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. तहानलेलं मूल पेला एकदम रिकामा करायला बघतं आणि म्हणूनच ओकतं. दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली लागतं.

पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवणं ही आजीच्या काळापासून चालत आलेली चूक. अंगावरचं दूध तर मुळीच तोडू नका. सहा महिन्यांवरच्या बाळाला मऊ वरणभात, खिचडी, केळं, दही थोडंथोडं पण वारंवार द्या.

मोठ्यांची जुलाब थांबवणारी गोळी लहान मुलांना कधीही देऊ नका. आतड्याची हालचाल थांबते, पोट फुगतं, कधी जिवावर बेततं. घरात उरलेलं अँटिबायोटिकही नको, कारण लहान मुलांचे जुलाब बहुतेक विषाणूंमुळे होतात. झिंक (जस्ताचं औषध) मात्र पूर्ण १४ दिवस द्या. सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम, त्यावर २० मिलिग्रॅम, डॉक्टरांना विचारून. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी बंद केलं जातं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब टळण्याचा फायदा हातचा जातो.

‘दात येताहेत, होणारच’ असं म्हणून दुर्लक्ष करणं याबद्दल मला सगळ्यात जास्त भीती वाटते. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे किंवा टाळू खोल गेलेली, रडताना अश्रू नाहीत, मूल मलूल किंवा पाणी पिऊ शकत नाही, शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, खूप ताप: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल तर जुलाब लागताच दाखवा. वाटेत चमच्याने ओआरएस चालू ठेवा, शुद्ध हरपली असेल किंवा गिळता येत नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका.