आल्याची बिअर घरी करताना या चुका टाळा

उन्हाळ्यात इंदूरमध्ये कुणाची आल्याची बिअर बिघडली, की कारण बहुतेक वेळा एकच निघतं. कृतीत "तीन दिवस बाहेर ठेवा" असं लिहिलेलं असतं, म्हणून ती तीन दिवस बाहेर ठेवलेली असते. ती कृती लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरात २० अंश असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंखा चालू असतानाही ओट्यावर ३५ अंश असतात. इडलीचं पीठ डिसेंबरात रात्रभर ठेवूनही हलत नाही आणि मेमध्ये सकाळीच पातेल्याबाहेर येतं, हे घरोघरी माहीत आहे. बाटलीच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो आणि कॅलेंडर बघत बसतो.

ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाव लिटर पाण्यात दोन चमचे किसलेलं आलं आणि दोन चमचे साखर घालायची आणि रोज तेवढंच आलं-साखर वाढवत जायचं. चार-सहा दिवसांत त्यावर बुडबुडे धरतात. हे झालं विरजण. मग एक लिटर पाण्यात ७० ग्रॅम साखर आणि मूठभर ठेचलेलं आलं उकळायचं, पूर्ण गार करायचं, एका लिंबाचा रस पिळायचा, गाळलेलं विरजण अर्धी वाटी घालायचं आणि बाटलीत भरून ठेवायचं. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून हे पेय घरोघरी होत आलं आहे. तिथल्या पारंपरिक विरजणात यीस्ट आणि जिवाणू एकत्र नांदतात, हे हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये दाखवून दिलं. आपल्या बरणीतही तेच चालतं. यीस्ट वायू आणि थोडं मद्य तयार करतं, जिवाणू आंबटपणा आणतात.

आता सगळ्यात धोक्याची चूक, म्हणजे काचेची बाटली घट्ट बंद करून विसरून जाणं. हिशेब सोपा आहे. लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की त्या लिटरभर पेयात १ लिटर वायू तयार होतो. कोल्ड्रिंकच्या बाटलीत लिटरमागे सुमारे ३ ते ४ लिटर वायू विरघळलेला असतो, म्हणजे आपलं काम १२-१६ ग्रॅम साखरेत भागतं. आपण घातली ७० ग्रॅम. उरलेली साखर गोडीसाठी असते, पण यीस्टला ते कोण सांगणार? बाटली बाहेरच राहिली तर ते खात राहतं, आणि एवढा दाब कोणतीही काच सहन करत नाही. मे महिन्यात ओट्याखालच्या कपाटात बाटली फुटली, की काचेचे तुकडे डाळीच्या डब्यांपर्यंत उडतात. सॉसच्या, सरबताच्या आणि विशेषतः चौकोनी शोभेच्या बाटल्या यासाठी अजिबात वापरू नका.

सोड्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या वापरा. त्या दाबासाठीच बनवलेल्या असतात, आणि मुख्य म्हणजे त्या दाबून बघता येतात. भरताना वर तीन बोटं जागा सोडा. सुरुवातीला अंगठ्याने दाबली की बाटली सहज आत जाते. काही तासांनी अंगठ्याला विरोध जाणवू लागतो. मग एक वेळ अशी येते की बाटली दगडासारखी टणक लागते, तळाचे खळगे ताणलेले दिसतात आणि अंगठा जरासाही आत जात नाही. त्याच क्षणी फ्रिजमध्ये ठेवायची. मेमध्ये ही वेळ १२ ते १८ तासांतही येते, जानेवारीत चार दिवस लागू शकतात. काचेतच भरायची हौस असेल तर बिअरच्या किंवा सोड्याच्या जाड गोल बाटल्या घ्या आणि त्याच घाण्यातली एक बाटली प्लॅस्टिकची ठेवा. ती टणक झाली की सगळ्याच आत. रात्री दहाला बाटली अर्धवट टणक वाटली तरी मी मेमध्ये ती फ्रिजमध्येच टाकायला सांगेन. फेस थोडा कमी मिळाला तरी चालेल.

याला कायद्याचीही बाजू आहे, आणि ती मी गांभीर्याने घेते. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, १९१५ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. जवाची बिअर म्हणूनच घरी करू नये. आल्याची बिअर वेळेत फ्रिजमध्ये गेली तर तिच्यातलं मद्य साधारण एक टक्क्याच्या आसपास राहतं. बाहेर विसरली आणि ७० ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर ते चार टक्क्यांवर जातं, म्हणजे हलक्या बिअरइतकं. वेळेत काढलेल्या पेयातही थोडं मद्य असतंच. लहान मुलं, गरोदर बाई किंवा व्रत म्हणून मद्य वर्ज्य केलेली माणसं घरात असतील तर त्यांना हे आधी स्पष्ट सांगा. त्यांच्यासाठी आलं-लिंबाच्या सरबतात साधा सोडा घाला, चवीला तेही छान लागतं.

विरजण धरतच नाही, ही दुसरी मोठी तक्रार. पहिला संशय आल्यावर घ्या. यीस्ट सालीवर असतं, त्यामुळे साल काढून किसलेलं आलं किंवा सुंठ चालत नाही. धुऊन चकचकीत केलेलं पिवळंधमक आलंही बरेचदा दगा देतं. चोइथराम मंडीत माती लागलेलं, सुरकुतलेलं, कुरूप आलं मिळतं, ते घ्या आणि नुसतं खळखळून धुवा. दुसरा संशय पाण्यावर. नर्मदेचं नळाचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं. नळ एक दिवसाआड येत असेल तर भरून ठेवलेल्या पाण्यातलं क्लोरीन बरंच उडून जातं, पण खात्री हवी असेल तर उकळून गार करा. गार म्हणजे पूर्ण गार. कोमट आहे, चालेल, असं म्हणत ५० अंशांच्या पाण्यात विरजण ओतलं की यीस्ट मेलंच. आणि मधुमेहासाठी म्हणून स्टीव्हिया घालाल तर काहीच होणार नाही, कारण यीस्टला खायला साखरच लागते. गूळ चालतो, उलट तो जास्त जोमाने आंबतो. गूळ घातला असेल तर बाटली आणखी लवकर तपासा.

बुरशीबद्दल शेजारच्या काकू नेहमी विचारतात, "अगं, वरचं काढून टाकलं तर नाही का चालणार?" नाही चालणार, काकू. हिरवी, काळी, गुलाबी किंवा केसाळ बुरशी दिसली की बरणीतलं सगळं फेकायचं. पांढरा, पातळ, सुरकुतलेला पापुद्रा धोकादायक नसतो, पण चव बिघडवतो. आल्याचा कीस वर तरंगून कोरडा पडला की बुरशी धरते, म्हणून दिवसातून दोनदा ढवळा. पावसाळ्यात चिलटं फार होतात. जाळी त्यांना अडवत नाही, जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं दुहेरी कापड बांधा.

वासावरून घाबरण्याआधी थोडं थांबा. कुजलेल्या अंड्यासारखा वास यीस्टवर ताण आल्याचा असतो. विरजण सावलीत, थंड जागी ठेवलं की तो दोनेक दिवसांत जातो. व्हिनेगरसारखा वास आला तर बरणीत हवा फार दिवस खेळली असं समजा, ते विरजण बदला. नेलपॉलिशसारखा वास बहुतेक उकाड्याने येतो. तो मागे हटत नाही, तेव्हा ते ओतून द्या. पेय तारेसारखं बुळबुळीत झालं असेल तर काही जिवाणूंनी साखरेपासून चिकट पदार्थ बनवलाय. विषारी नसलं तरी पिववत नाही.

पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांपासून हे पेय दूर ठेवा. आंबट पेयात तांबं उतरतं. स्टीलच्या पातेल्यात उकळा, काचेच्या बरणीत विरजण लावा.

फेसच आला नाही तर आधी झाकण बघा. पुन्हा पुन्हा वापरलेलं झाकण सैल होतं. उघडताना बाटली किमान सहा तास फ्रिजमध्ये राहिलेली असू द्या, कारण थंड पेय वायू धरून ठेवतं. सिंकवर धरून झाकण अर्ध्या वळणानेच सोडा आणि ओतताना तळाचा गाळ तळातच राहू द्या. फ्रिजमध्ये यीस्ट मंदावतं, थांबत नाही. त्यामुळे आठवड्याभरात बाटली संपवा आणि सुट्टीत पुण्याला जाण्याआधी एकही भरलेली बाटली मागे ठेवू नका. विरजण फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज टिकतं. परत आल्यावर बाहेर काढून दोन दिवस आलं-साखर घाला, बुडबुडे आले तरच नवीन घाणा लावा.