जिओथर्मल हीट पंप कूलिंगसाठी बसवताय? सांगली-साताऱ्यात या चुका टाळा

यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून लोक हीट पंपासाठी (घरातली उष्णता पाईपातल्या पाण्यातून जमिनीत सोडणारं मशीन) बोअर मारायला निघतात, पण ते व्हिडिओ बहुतेक थंड देशातले असतात आणि घोळ तिथंच होतो. तिकडं उन्हाळ्यात जमिनीत सोडलेली उष्णता थंडीत घर गरम करायला परत काढून घेतात. आपल्याकडं मिरजेत नाहीतर कराडात हीटर कोण लावतंय? म्हणजे उष्णता वर्षभर आतच जाणार, आणि आपली जमीन खोलवर आधीच २५-२७ अंशांच्या आसपास असते. पहिला उन्हाळा झकास जातो, मग जमीन तापत जाते तसं दरवर्षी बिल थोडं थोडं वाढतं, भर दुपारी कॉम्प्रेसर ट्रिप व्हायला लागतो, आणि मेकॅनिक येऊन गॅस भरून जातो. गॅस भरायच्या आधी लूपमधून (म्हणजे जमिनीतल्या पाईपांमधून) मशीनकडं येणाऱ्या पाण्याचं तापमान बघा ना! ते ३५ च्या वर असेल तर आधी जमीन तापलीय का ते तपासा.

म्हणून ती उष्णता वापरा. हॉस्पिटल, लॉज, हॉस्टेलला अंघोळीचं गरम पाणी लागतंच, ते याच मशीनवर काढता येतं, माझ्या मते ते जमत नसेल तर सोबत छोटा कूलिंग टॉवर (उष्णता हवेत सोडणारा) धरूनच बजेट करा. जागा वाचवायला बोअर चिकटून मारू नका, मधे किमान ६ मीटर सोडा. हिशोबही नीट करा, १ टन कूलिंग म्हणजे साडेतीन किलोवॅट, पण कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजसुद्धा उष्णता होऊन जमिनीतच जाते.

पाईप आडवे पुरायचे असतील तर सांगलीकडच्या काळ्या रानात दहादा विचार करा, मे महिन्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, पाईपभोवती हवा राहिली की उष्णता मातीत उतरतच नाही. साताऱ्याकडं कातळात उभी बोअर बरी, पण पाईप सोडून वरून तोच चुरा ढकलला तर पोकळ्या राहतात, बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) आणि वाळूचं ग्राउट, म्हणजे पोकळी भरायचं मिश्रण, तळापासून वर भरत आणायला सांगा.

अँटीफ्रीझ कुणी सुचवलं तर नाही म्हणा, इथं पाणी गोठत नाही, उलट त्यानं पाणी दाट होऊन पंप जास्त वीज खातो.

आणि पाईपातून गुडगुड आवाज येत असेल तर लूपमध्ये हवा अडकलीय, साध्या पंपानं ती निघत नाही, मोठा पंप लावून जोरात फ्लश करून घ्या.