डायबेटिस, किडनी ट्रान्सप्लांट आणि परत ऑफिस

ह्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं, डायबेटिस आधीपासूनच, आणि आता परत बँकेत जायला लागलेत, म्हणून ज्यांच्या घरी हीच वेळ आलीय त्यांच्यासाठी लिहितेय. बसून काम असेल तर साधारण 2-3 महिन्यांनी डॉक्टर हो म्हणतात, अंगमेहनतीचं असेल तर जास्त थांबावं लागतं. फिटनेस सर्टिफिकेटवरच लिहून घ्या की सुरुवातीला अर्धा दिवस, जड उचलायचं नाही आणि ब्लड टेस्टच्या दिवशी उशीर होणार, कारण तोंडी ठरलेलं साहेब बदलले की संपलं.

आता शुगर. आधीचं गणित आता चालत नाही. सकाळी प्रेडनिसोलोन (ट्रान्सप्लांटनंतर देतात ती स्टेरॉइडची गोळी) घेतली की शुगर दुपारच्या जेवणानंतर चढते ती संध्याकाळपर्यंत, आणि पहाटे उतरलेली असते, म्हणजे नुसती उपाशीपोटीची बघून "छान आहे" म्हणाल तर खरी गडबड ऑफिसात होत असते आणि कळतही नाही. ग्लुकोमीटर ऑफिसला न्याच, जेवणाआधी आणि 2 तासांनी बघून वहीत लिहा. पहिले काही महिने एचबीएवनसीच्या (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) भरवशावर राहू नका, रक्त कमी असतं, कधी चढवलेलं असतं, आकडा फसवतो. आणि स्टेरॉइडचा डोस कमी केला की इन्सुलिन किती कमी करायचं हे त्याच दिवशी विचारा, नाहीतर रात्री शुगर लो होते.

टॅक्रोलिमसने (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध) हात थरथरतात आणि शुगर लो झाली तरी थरथरतात, सही करताना पेन हलायला लागलं तर अंदाज नको, टोचून बघा. 70 च्या खाली असेल तर 3 चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी परत चेक. मीटर जवळ नसेल तर लो समजूनच साखर घ्या.

टॅक्रोलिमसच्या दोन डोसांत 12 तास हवेत, त्यामुळे ट्रेनच्या वेळेत अडकणार नाही अशी वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. लेव्हल (रक्तात हे औषध किती आहे ती टेस्ट) करायची असेल त्या दिवशी सकाळची गोळी खिशात ठेवून लॅबला जायचं, रक्त दिलं की मगच घ्यायची, आधी घेतली तर रिपोर्टचा उपयोग नाही.

डबा घरचाच. कापून ठेवलेली फळं, बाहेरची चटणी, कच्ची मोड आलेली कडधान्यं बंद, पपनस आणि ग्रेपफ्रूट तर अजिबातच नाही, औषधाची लेव्हल वाढते. डोकं दुखतंय म्हणून शेजारच्या टेबलावरून कोणी प्रेमाने कॉम्बिफ्लॅम देईल, ती घ्यायची नाही, त्यातलं आयब्युप्रोफेन किडनीला चालत नाही. लोकलमध्ये मास्क हवाच, जमलं तर गर्दी टाळून निघा.

ताप 100.4 ला गेला, लघवी कमी झाली, वजन एकदम वाढलं किंवा नव्या किडनीच्या जागी दुखायला लागलं तर संध्याकाळपर्यंत थांबू नका, तिथूनच ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन लावा. तो नंबर शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याकडेही देऊन ठेवा.