ऑफ-रोड ट्रकचं पुढचं सस्पेन्शन रुंद करताना: मापं, जोडणी आणि चुकण्याच्या जागा

रुंद सस्पेन्शन म्हटलं की डोळ्यांसमोर लांब ए-आर्म (चासीला चाकाशी जोडणारे ए आकाराचे दांडे) येतात, पण आर्म बनवणं हा या कामातला सोपा भाग. चाक किती वरखाली जाणार हे सगळ्यात आधी अडणाऱ्या भागावर ठरतं. तो वरचा बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) असेल, अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट असेल, शॉक असेल किंवा ब्रेकची नळीही असेल. म्हणून सगळे भाग आधी नुसते टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारून जोडायचे, स्प्रिंगशिवाय चाक तळापासून माथ्यापर्यंत फिरवायचं आणि मगच पूर्ण वेल्डिंग करायचं.

खालची मापं एका उदाहरणाची आहेत: दुहेरी विशबोन (प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक ए-आर्म), फोर-व्हील ड्राइव्ह, रॅक स्टिअरिंग, मूळ खालचा आर्म 350 मिमी आणि प्रत्येक बाजूला 90 मिमी वाढ. तुमच्या ट्रकचे आकडे वेगळे निघतील, हिशेब मात्र असाच करायचा.

लांबीचा हिशेब

आर्म आडव्या रेषेच्या वर 25 अंश आणि खाली 25 अंश फिरतो असं धरा. 350 मिमी आर्मवर चाकाला सुमारे 296 मिमी चाल मिळते, 440 मिमीवर 372. जॉइंटचे कोन तेवढेच राहून 76 मिमी चाल वाढली, हा खरा फायदा. नुसते स्पेसर किंवा बाहेर निघालेल्या रिम लावून गाडी रुंद दिसते, पण चाल तसूभरही वाढत नाही. उलट टायरचा मध्य स्टिअरिंगच्या अक्षापासून दूर जातो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं आणि बेअरिंगवर जादा भार येतो. आर्म लांब केले की नकल (चाक धरणारा, स्टिअरिंगने वळणारा भाग) आणि हब दोन्ही बाहेर सरकतात, त्यामुळे ते अंतर मूळचंच राहतं.

लांबी वाढली की ब्रेक लावताना आर्मला मागे ढकलणारा जोर चासीवरच्या दोन बुशांना (आर्म ज्यांच्यावर फिरतो ते सांधे) जास्त लांब तरफेने पिळतो. बुशांमधलं अंतर तेच असेल, तर हा भार 440 भागिले 350, म्हणजे साधारण सव्वापट होतो. चासीवरच्या कानांना (आर्मचे बोल्ट धरणाऱ्या पट्ट्यांना) तडे जातात ते इथेच. आर्मच्या आधी हे कान मजबूत करा: गंज आणि रंग घासून काढा, 5 मिमी पत्र्याचे आधार बसवा आणि 40-50 मिमीचे तुकडे बाजू बदलत वेल्ड करा. एका दमात सलग वेल्ड ओढलात तर कान ओढला जातो आणि बोल्ट पुन्हा सरळ शिरत नाही. काम चालू असताना दोन्ही कानांमध्ये मूळ आर्म किंवा तेवढ्याच मापाचा गज बोल्टने आवळून ठेवा.

आर्म बनवणं

आधी जिग, म्हणजे भाग मापात धरून ठेवणारा साचा. जाड पाटावर मूळ आर्म ठेवून बुशांची केंद्रं आणि बॉल जॉइंटचं केंद्र ओळंब्याने खाली उतरवा, मग बाहेरचं केंद्र 90 मिमी पुढे न्या. वरचा आर्मही बहुधा तेवढाच वाढवतात. पण वर आणि खाली सारखीच भर घातली की दोघांच्या लांबीचं गुणोत्तर बदलतं. वरचा मूळ 250 असेल तर 250/350 म्हणजे 0.71 चं 340/440 म्हणजे 0.77 होतं आणि चाक वर जाताना मिळणारा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकणं) कमी होतो. वाळूवर ते चालतं, वळणावर पकड कमी वाटते. वरच्या आर्मला आट्यांची जुळवणी ठेवलीत तर कॅम्बर आणि कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) नंतर लावता येतात.

वरच्या आर्मला 32 मिमी आणि खालच्याला 38 मिमी बाहेरच्या व्यासाची, 3 मिमी जाडीची 4130 क्रोमोली नळी बऱ्याच ट्रकना पुरते. जड गाडीला खालचा आर्म पत्र्याच्या पेटीसारखा बांधलेला बरा, कारण दगडाचा मार तोच खातो. टिग वेल्डला ईआर80एस-डी2 किंवा ईआर70एस-2 तार वापरा. 3 मिमीपेक्षा जाड भाग आधी 150 अंश सेल्सियसच्या आसपास तापवा. वेल्डवर पाणी किंवा हवेचा झोत मारू नका, कारण एकदम थंड झालेलं क्रोमोली जोडाच्या कडेला ठिसूळ होतं. क्रोम प्लेटिंगही नको. त्या प्रक्रियेत हायड्रोजन धातूत शिरतो आणि आर्म काही इशारा न देता तुटू शकतो. रंग किंवा पावडर कोटिंग करा.

चाल वाढली की मूळ वरचा बॉल जॉइंट टोकाला आपल्याच वाटीच्या कडेला टेकतो आणि दांडा वाकतो. त्याजागी युनिबॉल (कपात बसणारं, जास्त कोन घेणारं गोलाकार बेअरिंग) घाला. त्याचा कप वेल्ड करताना आत बेअरिंग कधीच ठेवू नका, अस्तर जळतं. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा गोळा घालून वेल्ड करा, कप आवळला गेला असेल तर होन करून (आतून घासून) मापात आणा आणि मग बेअरिंग दाबून सर्कलिप लावा. कपचा कल पूर्ण चालीच्या मध्यावर धरून ठरवा. गाडी उभी असतानाच्या उंचीवर ठरवलात तर एका टोकाला कोन शिल्लक राहील आणि दुसऱ्या टोकाला युनिबॉल अडेल.

शॉक आणि स्प्रिंग

मूळ शॉकची बैठक पिव्हटपासून (आर्म चासीवर जिथे फिरतो तिथून) 230 मिमीवर होती असं समजा. चाक बाहेर गेलं आणि बैठक तिथेच राहिली, तर बैठकीच्या अंतराचं आर्मच्या लांबीशी गुणोत्तर 0.66 वरून 0.52 वर येतं. चाकाला जाणवणारा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो, म्हणजे तीच स्प्रिंग सुमारे 37 टक्के मऊ वाटते. नाक खाली बसलेल्या गाड्यांचं कारण बहुतेकदा हेच असतं. मग लोक स्प्रिंग आवळत जातात, उंची परत येते, पण मऊपणा तसाच राहतो.

बैठक 300 मिमीवर नेली तर 372 मिमी चालीला शॉकची साधारण 254 मिमी, म्हणजे 10 इंच चाल लागते. शॉक 20 अंश आत कललेला असेल तर 238 मिमी पुरते आणि 10 इंची शॉकमध्ये 16 मिमी उरतात. ही उरलेली जागा हवीच. शॉक हा गाडीचा थांबा नाही. वर हायड्रॉलिक बम्पस्टॉपने चाकाच्या शेवटच्या 50-75 मिमीत भार घ्यावा, खाली लिमिट पट्ट्याने. पट्टा भार आला की ताणतो, म्हणून फुटामागे इंचभर ताण धरून तो आखूड बांधा. लांब शॉकचं वरचं टोक मूळ बुरुजात (शॉकचं वरचं टोक धरणाऱ्या चासीच्या भागात) मावत नाही, त्यामुळे चासीवर नळीची कमान उभारावी लागते. दोन्ही बाजूंच्या कमानी इंजिनवरून आडव्या नळीने बोल्टने जोडा, नाहीतर त्या आत वाकतात.

टाय रॉड

आतले पिव्हट जागेवर असतील तर टाय रॉडही (रॅकपासून चाकाला वळवणारा दांडा) 90 मिमीनेच वाढतो. एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे ठेवा, म्हणजे रॉड न काढता टो (चाकांचं पुढून आत किंवा बाहेर वळणं) लावता येईल. आटे व्यासाच्या किमान दीडपट आत गेलेले असावेत. हाइम जॉइंट (आट्यांच्या दांड्यावरचा गोळ्याचा सांधा) एकाच बाजूने धरलेला असेल तर मोठी वॉशर हवीच. गोळा निसटला तरी रॉड सुटत नाही.

बम्पस्टिअर (चाक वरखाली होताना टो आपोआप बदलणं) मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्टिअरिंग मध्यावर बांधा, हबवर सरळ पट्टी आवळा, चाक दर 25 मिमीला थांबवून पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचं गाडीच्या मध्यरेषेला समांतर ताणलेल्या दोरीपासूनचं अंतर लिहा. वर आणि खाली दोन्हीकडे टो एकाच दिशेला बदलत असेल तर रॉडची लांबी चुकली आहे. स्टिअरिंग आर्म अ‍ॅक्सलच्या पुढे असताना दोन्हीकडे टो-इन येत असेल तर रॉड आखूड आहे, मागे असेल तर टो-आउट दिसेल. वर एका दिशेला आणि खाली उलट्या दिशेला बदलत असेल तर रॉडची उंची चुकली आहे. बाहेरच्या जॉइंटचे स्पेसर 2-3 मिमीने बदलून पुन्हा मोजा. हे काम कंटाळवाणं आहे, पण खडबडीत वाटेवर गाडी सरळ राहते ती याच दोन तासांमुळे.

अ‍ॅक्सल, नळ्या आणि फेरी

अ‍ॅक्सलचा दांडा 90 मिमी लांब हवा. दोन जॉइंट मूळचे चालतात. चाक तळाला, मध्यावर आणि माथ्याला असताना दांडा हाताने आतबाहेर ढकला, प्रत्येक ठिकाणी किमान 5 मिमी मोकळीक हवी. मग चाक तळाला ठेवून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि हब हाताने फिरवा. कुठेही खटका लागला तर लिमिट पट्टा आणखी आखूड करा. ब्रेकची नळी आणि एबीएसची तार याच स्थितीत, दोन्हीकडे वळवून मोजा. वर गेल्यावर ढिली पडलेली नळी टायरला किंवा स्प्रिंगला लागणार नाही हेही पाहा. चाक माथ्याला असताना टायर फेंडर आणि बॉडी माउंटला कुठे घासतो ते खडूने आखून तेवढंच कापा.

अलाइनमेंटची सुरुवात कॅम्बर 0 ते उणे 0.5 अंश आणि टो-इन 2 मिमीने करा. रबरी बुशांचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळा, हवेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि फाटतात. पहिल्या 50 किमीनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, प्रत्येक नटवर रंगाची रेघ ओढा आणि वेल्डच्या कडांवर डाय-पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंगीत द्रव) मारून तडे शोधा. रंग देण्याआधी ही फेरी झालेली बरी, कारण ताज्या रंगाखालची केसासारखी रेघ दिसत नाही.